झाडामागचा कोपरा

धाकटी : मला एवढंच सांग दादा, हे झाड तू आणलंस कुठून?

दादा : डोक्यातून. माझी सगळी झाडं तिथंच उगवतात. का गं? पानं फार हिरवी झाली का?

धाकटी : पानांना काही झालेलं नाही. झालंय ते मला. वाचनालयाच्या समितीचा परत फोन आला होता.

दादा : परत? कालच तर आला, चित्र एकमताने पसंत म्हणून. तू त्या टेबलाभोवती गिरकी घेतलीस. आर्किटेक्ट नाचताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

धाकटी : काल नाचले ते नाचले. आज त्यांनी सांगितलं, काय पसंत पडलंय ते. झाड.

दादा : झाड म्हणजे?

धाकटी : झाड म्हणजे झाड! खोड, फांद्या, पानं! खजिनदारांना त्याच्याखाली मुलांना गोष्टी सांगायच्यात. डॉक्टर विचारतायत, याला फुलं कोणत्या महिन्यात येतात. आणि समितीत एक निवृत्त वनअधिकारी आहेत, त्यांनी जात विचारलीय झाडाची.

दादा : जात नाही सांगता येणार. खोड एकाचं घेतलंय, पानं दुसऱ्याची. फांद्या मात्र अस्सल माझ्या.

धाकटी : हसू नकोस. प्रत्यक्ष जागेवर त्या कोपऱ्यात काय आहे, माहितीय तुला?

दादा : मी कधी गेलोय जागेवर? मी कागदावरचा माणूस. तू इमारत आखायची, मी तिचं चित्र रंगवायचं, असं ठरलंय आपलं.

धाकटी : मग ऐक. एक विजेचा खांब, एक गटाराचं झाकण आणि एक मोडकी हातगाडी. झाड राहू दे, गवताचं पातं नाही तिथं. आणि समिती आज संध्याकाळी इथं येतेय, शेवटची सही करायला.

दादा : मग सांगायचं, चित्रात झाडं असतातच हो, ती शोभेला. लग्नाच्या फोटोत मागे धबधबा असतो, तो काय नवऱ्याच्या घरचा असतो?

धाकटी : तू सांग त्यांना तसं. मी टेबलाखाली बसते.

दादा : बरं, मग माझ्यावर का ओरडतेस? तूच म्हणालीस, "दादा, उजवा कोपरा अजून ठरला नाही, तिथं काहीतरी कर." मी काहीतरी केलं. बाबा काय म्हणायचे? अडलं तिथं झाड लावावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकटी : बाबा ते नकाशावर चहा सांडला तेव्हा म्हणाले होते. डागावर त्यांनी झुडूप काढलं, बस. तू त्याचा धर्मच करून टाकलास. बसस्थानकाच्या चित्रात झाड. दवाखान्याच्या चित्रात झाड. त्या पोहण्याच्या तलावाच्या चित्रात तर पाण्यातून झाड वर आलं होतं.

दादा : ते पलीकडच्या काठावर होतं. तुला पर्स्पेक्टिव्ह कळत नाही.

धाकटी : मला सगळं कळतं. दादा, मी चेष्टा करत नाहीये. पंधरा वर्षं मी लोकांच्या न्हाणीघरांना फरशा निवडून दिल्या. कुणाच्या गच्चीवर पत्रा, कुणाच्या दुकानाला जिना. अख्खी इमारत, आणि तीही पुस्तकांची, पहिल्यांदा माझ्या हाताशी आलीय. ती गेली ना, तर मी... मला नाही सहन होणार. आणि उपाध्यक्षांच्या मेहुण्याचा नकाशा तयारच आहे, नुसता काचेचा डबा. आपलं फिसकटलं की तो उद्या उभा.

दादा : रडू नकोस हं. तू रडलीस की मला चहा करावा लागतो, आणि माझा चहा प्यायलीस की आणखी रडशील.

धाकटी : रडत नाहीये.

दादा : बरं. मग आपण असं करू. झाडाच्या जागी दुसरं काहीतरी. एक बस उभी करू? थांबलेली, लाल.

धाकटी : खजिनदार विचारतील, ही सुटते किती वाजता.

दादा : कारंजं?

धाकटी : पाणी कुठून आणायचं?

दादा : बायकांचा घोळका, गप्पा मारत उभा. छान ठसठशीत रंगाचे कपडे. कुणाची नजर मागे जाणारच नाही.

धाकटी : दादा! कोपरा झाकायचा नाहीये आता. कोपरा दाखवायचाय. आणि तो मलाच दिसत नाही, हे दुखणं आहे. महिनाभर डोकं आपटतेय. दार तिथं, म्हणून जिना तिथं हवा. आणि उपाध्यक्षांचा हट्ट, की अध्यक्षांची खोली तिथंच, दोन्ही बाजूंना खिडक्यांसकट. खोली बसवली की जिना गुदमरतो. जिना बसवला की खोलीला दार उरत नाही, अध्यक्षांना खिडकीतून आत सोडावं लागेल.

दादा : म्हणून तर झाड! अगं, आमच्या धंद्याचा सगळा इतिहास अशाच झाडांनी भरलाय. कलाकाराने...

धाकटी : इतिहास नको काढूस. इतिहासात तू हरशील. तो प्राचीन राजा आठवतो, बाबा पुस्तकातून दाखवायचे तो? दगडाचा पुतळा, मांडीवर नकाशाची पाटी घेऊन बसलेला, शेजारी मोजपट्टी कोरलेली. भिंती आहेत, दारं आहेत, पट्टी आहे. झाड आहे का?

दादा : राजाला कसली गरज? त्याच्यावर समिती नव्हती.

धाकटी : चार हजार वर्षं टिकला, झाडाशिवाय. आणि ते जुने गवंडी? चुन्याच्या जमिनीवर कमान कोरायचे, खऱ्या मापाची, अख्खीच्या अख्खी. कारागीर त्यावर दगड ठेवून बघायचा, जुळतो का. तिथं झाकायचं म्हटलं तरी कसं झाकणार?

दादा : तिथं झाड नव्हतं कारण खऱ्या मापाचं झाड काढायला जमीन पुरली नसती. आणि मग आले आमचे चित्रकार! रेघा सगळ्या एका बिंदूला पळवल्या, तेव्हा कुठे कागदातली इमारत उभी राहिली. तोवर बिचारी पत्त्यांच्या बंगल्यासारखी पालथी पडलेली असायची. मग सावल्या आल्या, माणसं आली...

धाकटी : आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी झाडामागे चूक लपवली असणार.

दादा : तो माझा आदिगुरू. अगं, पण ही समिती आहे तरी कोण? अध्यक्ष चांगला माणूस असेल तर मी बोलतो त्याच्याशी. मला माणसं घोळात घेता येतात.

धाकटी : माणूस नाहीत, बाई आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं.

दादा : कुठल्या शाळेच्या?

धाकटी : मुलांच्या. तुझ्याच, बहुतेक. भूमिती शिकवायच्या म्हणे.

दादा : ...भूमिती?

धाकटी : का रे? पांढरा पडलास एकदम.

दादा : उंच? डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा? पर्समध्ये कायम एक लाल पेन्सिल?

धाकटी : हो. पेन्सिल अजून आहे.

दादा : मला ताप आलाय. मी घरी जातो. संध्याकाळी तू एकटीनेच...

(दारावर टकटक होते.)

बाई : येऊ का आत? संध्याकाळची वेळ होती, पण मला समितीच्या आधी यायचं होतं. तुमचा आवाज खाली जिन्यापर्यंत येतोय. शब्द कळत नव्हते, भांडण कळत होतं.

धाकटी : या ना बाई, या. बसा. हा माझा भाऊ, चित्र यानेच...

बाई : ओळखते मी याला. उभा का आहेस तू?

दादा : सवय, बाई.

बाई : बस. केस पांढरे झाले की रे तुझे.

दादा : हो बाई. चुकून.

बाई : चित्र तू काढलंस, हे मला खालची सही न वाचताच कळलं होतं. मांडा बरं ते इथं, उजेडात. हं. सुरेख आहे. खिडक्यांच्या सगळ्या सावल्या एकाच कोनात पडल्यात. पंचेचाळीस अंश. हा कोन तुझ्याकडून पहिल्यांदाच बरोबर आला.

दादा : धन्यवाद, बाई.

बाई : आणि हे गृहस्थ कोण? लखलखीत ऊन दाखवलंयस, वर एवढं मोठं झाड, आणि झाडाखाली यांनी छत्री कशाला उघडलीय?

धाकटी : ते आमचे बाबा.

बाई : बाबा?

दादा : बाबा दुसऱ्यांच्या ऑफिसांत नकाशे काढायचे, बाई. दर्शनी बाजू काढली की शेजारी एक माणूस उभा करायची पद्धत असते. माणूस केवढा ते कळलं की दार केवढं ते न सांगता कळतं. बाकीचे कुठलाही माणूस काढायचे. बाबा स्वतःला काढायचे, छत्रीसकट. कामावर जाताना ऊन असो, पाऊस असो, छत्री हातात. ती बघा, त्या खुंटीवर आहे ती. आता ते नाहीत, तर मी काढतो त्यांना. छत्री मिटून काढली की ते ओळखू येत नाहीत.

बाई : असं होय. मग असू दे उघडी. छान माणूस दिसतोय. आता मला एक सांगा, दोघांनीही. या झाडामागे काय आहे?

धाकटी : जिना.

दादा : खिडकी.

बाई : एकेकाने बोला.

दादा : जिन्याची खिडकी, बाई. म्हणजे जिना आहे, आणि त्याला, अं, हवा यायला हवी ना...

बाई : तू गप्प बस. मुली, मी तुला एक गोष्ट सांगते. भूमितीच्या पेपरात मी त्रिकोण काढायला सांगायचे. बाकीच्या मुलांचे त्रिकोण यायचे, बरे-वाईट. याच्या त्रिकोणाच्या एका टोकाला कायम झुडूप असायचं. छान झुडूप. पानं वेगवेगळी, मध्येच एखादा पक्षीसुद्धा. पहिल्या वेळी मला वाटलं, पोराला चित्रकलेची आवड आहे. मग एकदा मी खोडरबर घेतला आणि झुडूप पुसलं.

धाकटी : आणि?

बाई : खाली दोन रेघा एकमेकींना भेटतच नव्हत्या. बोटभर अंतर. तेव्हापासून याचं झुडूप दिसलं की मी न पुसताच शून्य द्यायचे.

धाकटी : दादा! तू मला सांगायचास, भूमितीत तुला बाईंनी आकसाने नापास केलं!

दादा : आकस होताच. झुडपांवर.

बाई : म्हणून विचारते. काय आहे मागे?

धाकटी : काही नाही, बाई. मागे काही नाही. कोपरा ठरलाच नव्हता मला. चित्र द्यायची तारीख आली आणि मी म्हटलं, नंतर बघू. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि तुम्ही सगळे नेमके त्या झाडाच्याच प्रेमात पडलात. जागेवर झाड नाही, गटाराचं झाकण आहे. तुम्ही काम काढून घेतलंत तरी मी काही बोलू शकत नाही. पण मला हे वाचनालय फार मनापासून करायचं होतं, हे मात्र खरं आहे. फार म्हणजे फार.

बाई : झालं बोलून?

धाकटी : झालं.

बाई : शाबास. गटाराचं झाकण मला माहीत आहे, मी रोज त्या रस्त्याने जाते. समितीतले सगळेच जातात. पण चित्र बघताना एकालाही आठवलं नाही, ही याची करामत.

दादा : म्हणजे तुम्हाला आधीपासूनच... आणि तरी पसंत केलंत?

बाई : ऐक. दोन वर्षं ही समिती भरते. नऊ माणसं. चहात साखर घालायची की वेगळी द्यायची, यावर आमचं मतदान झालेलं आहे, आणि एकजण तटस्थ राहिला म्हणून ते बरोबरीत सुटलंय. एकाला घुमट हवा, दुसऱ्याला घुमट म्हटलं की ठसका लागतो. त्या दिवशी हे चित्र मांडलं आणि पहिल्यांदा सगळे गप्प झाले. मग खजिनदार म्हणाले, इथं बसून वाचायला काय बहार येईल. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. उपाध्यक्षांनीसुद्धा. मेहुण्याला विसरून.

धाकटी : म्हणजे इमारत कुणी बघितलीच नाही.

बाई : नाही. वाईट वाटलं?

धाकटी : वाटलं, बाई. खूप वाटलं.

बाई : वाटायलाच हवं. पण लोकांना तुमचा तो नकाशा वाचता येत नाही, त्याला ते काय करणार? वरून बघितलेल्या भिंती म्हणजे त्यांना मुंग्यांची वाट. मला येतो, कारण जन्म रेघांत गेला. बाकीच्यांना झाड वाचता येतं. त्यांनी झाड वाचलं. आण तो नकाशा, बघू काय अडलंय.

धाकटी : हा बघा. हे दार. हे मोठं दालन, वाचनाचं, याला उत्तरेचा उजेड. हे मुलांचं. आणि हा कोपरा. इथं जिना असा चढायला बघतोय आणि ही खोली त्याला चढू देत नाही.

बाई : कुणाची आहे ही खोली?

धाकटी : तुमची.

बाई : माझी?

धाकटी : अध्यक्षांची. उपाध्यक्षांनी लेखी कळवलं होतं. दोन्ही बाजूंनी खिडक्या, आत हात धुवायची सोय, आणि बाहेर खुर्ची टाकून एक शिपाई.

बाई : मी एका वर्गात साठ पोरं घेऊन बसायचे. मला खोली कशाला? मला हवा आहे एक बाक. आता समजलं. माझ्यानंतर तेच अध्यक्ष होणार, हा हिशेब दिसतोय. माझी पर्स दे रे इकडे.

दादा : बाई, ती मूळ प्रत आहे, त्याच्यावर लाल...

बाई : मूळ असो नाहीतर शेंडा. ही खोली अशी. आणि अशी. फुली. संपला विषय.

धाकटी : ...थांबा. थांबा जरा. कुणी काही बोलू नका. दादा, ट्रेसिंगचा कागद. तो नको, मोठा. पसर यावर.

दादा : अगं हळू, शाईची बाटली आहे तिथं!

धाकटी : खोली गेली म्हणजे कोपराच गेला. मग इमारत कोपऱ्यापर्यंत न्यायचीच कशाला? इथूनच वळवायची. आत घ्यायची, अशी. मग बाहेर हा चौक उरतो. जिना या भिंतीला टेकायचाच नाही, तो या चौकाच्या कडेने वर जाईल. अर्ध्यावर थांबायला जागा, इथं, खिडकीत बसून वाचता येईल एवढी. आणि खिडकीतून काय दिसणार?

दादा : विजेचा खांब.

धाकटी : झाड, गाढवा! या चौकात झाड! खरंखुरं, मातीतलं. गटाराचं झाकण इथं, रस्त्याच्या बाजूला येतं, मुळांच्या आड येत नाही. महिनाभर मी खोली आणि जिन्याची भांडणं सोडवतेय, आणि जागा हवी होती ती झाडाला!

दादा : बघा बाई. मी आधीच काढून ठेवलं होतं, तर मला शिव्या.

बाई : तू अंधारात दगड मारलास, तो लागला. त्याचे गुण नाहीत. पण मुली, हे मला पटलं. दाराशीच सावली. आत यायला ज्यांना बुजल्यासारखं होतं, ती माणसं आधी झाडाखाली बसतील. मग एक दिवस पायरी चढतील. माझी निम्मी पोरं अशीच शाळेत आली.

धाकटी : फक्त एक आहे, बाई. हे रोप असणार. चित्रातल्याएवढं व्हायला किती वर्षं लागतील, कोण जाणे. समिती म्हणेल, फसवलंत.

बाई : झाड कुठलं लावायचं, ते वनअधिकाऱ्यांवर सोपवा. त्यांना निवृत्तीनंतर कुणी काही विचारलेलं नाही, बिचारे घरातल्या कुंड्यांना व्याख्यानं देतात. ते उद्यापासून त्या चौकाची राखण करायला बसतील. खजिनदारांना बाक द्या. डॉक्टरांना फुलं द्या. ज्याला त्याला आपापलं मिळालं की मेहुणा कुणाला आठवतो? पण ही चौकाची भानगड त्यांना कळायला हवी, आजच. हा कागद दाखवलास तर नऊजण नऊ बाजूंनी धरतील. त्यातला एक उलटा.

दादा : मी संध्याकाळपर्यंत नवीन चित्र काढतो. जलरंग वाळायला वेळ लागेल, पण पंख्याखाली...

धाकटी : नको.

दादा : नको म्हणजे?

धाकटी : चित्र नको. जमिनीवर काढू. जागेवर. खऱ्या मापाचं, त्या गवंड्यांसारखं. चुन्याच्या फक्कीने रेघा ओढायच्या. इथं दार, इथं पहिली पायरी, इथं खिडकी. सगळ्यांना चालत नेऊ त्यातून. चालता सगळ्यांना येतं ना, बाई?

बाई : उपाध्यक्ष थोडे फेंगडे चालतात. पण येतं. हे छान आहे. हे फार छान आहे! मी सगळ्यांना कळवते, इथं न येता तिकडेच या. आणि तू, तूही जायचंस हिच्याबरोबर.

दादा : मी? बाई, मी कागदावरचा माणूस आहे. ऊन लागलं की मला...

बाई : रेघा सरळ यायला हव्यात, आणि कोपऱ्यात दोन्ही रेघा एकमेकींना भेटायला हव्यात. मी येऊन बघणार आहे. त्या जागेवर मला कुठंही झुडूप दिसलं तर शून्य.

दादा : हो, बाई.

बाई : येते मी. अगं हो, पुढे नवीन चित्र काढाल, त्यातही ते छत्रीवाले गृहस्थ असू देत. त्यांच्यामुळे दाराची उंची नीट कळते.

धाकटी : सावकाश उतरा हं, खालची पायरी मोडकी आहे.

दादा : गेल्या?

धाकटी : गेल्या.

दादा : बघितलंस ना? एवढा मोठा झालो, एवढी चित्रं काढली, आणि बाईंनी "बस" म्हटल्यावर मी हाताची घडी घालून बसलो.

धाकटी : तोंडावर बोटही ठेवलं होतंस मधे. ऊठ आता. फीत घे, दोरी घे. त्या कपाटात सुतळीचा गुंडा आहे. चुना वाटेत घेऊ. काटकोन काढायला काय घेतोस?

दादा : दोरीला गाठी मारेन. तीन, चार आणि पाच. बाबांनी शिकवलंय.

धाकटी : बघ, येते की तुला भूमिती.

दादा : बाईंना नको सांगूस. पन्नाशीत परत पेपर द्यायला लावतील. अगं, पण ती हातगाडी आहे ना तिथं? मोडकी?

धाकटी : बाजूला ढकलू दोघं मिळून.

दादा : आणि खांब?

धाकटी : खांब राहील. नव्या चित्रातही राहील. आहे ते काढायचं आता, दादा.

दादा : खांब काढायचा! आजवर एकही काढलेला नाही मी. बरं, एक सांग. भिंतींना रेघा झाल्या, जिन्याला रेघा झाल्या. झाडाचं काय करायचं? जमिनीवर गोल ओढला तर खजिनदारांना विहीर वाटेल. तिथं काहीतरी उभं पाहिजे, डोळ्यांना दिसेल असं.

धाकटी : खरंच की. काय उभं करायचं?

दादा : मीच उभा राहू का हात पसरून? नको, बाई मला पुसून टाकतील.

धाकटी : ती छत्री घे.

दादा : कुठली? बाबांची?

धाकटी : हो. चौकाच्या मधोमध मातीत रोवू. उघडी. रोपाएवढीच होईल.

दादा : ...वर्षानुवर्षं खुंटीवरून कुणी काढलेली नाही गं ती. उघडते का बघू. हं. उघडली. एक काडी वाकलीय, पण उघडली. बघ, बाबांचा वास आहे अजून. नकाशांच्या त्या अमोनियाच्या प्रिंटचा.

धाकटी : दे, मी धरते. तू चुन्याची पिशवी उचल.

दादा : अगं, पण झाड कसं आडोशाला भरभक्कम असतं. ही एवढीशी. हिच्यामागचं सगळं दिसेल लोकांना.

धाकटी : दिसू दे की. आता मागे काहीतरी आहे.